सेरेंडिबाइट म्हणून विकलेला काळा स्पिनेल

श्रीलंकेत रत्नपुराला जाऊन सेरेंडिबाइट हा दुर्मिळ खडा घ्यायचा कोणाचा बेत असेल, तर आधी हे वाचा आणि मगच पैसे मोजा. माझे 60,000 रुपये गेले. ज्या रीतीने ते काढून घेतले ती रीत तिथे चांगली बसलेली दिसली, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकावरही तीच चालवली जाणार.

सेरेंडिबाइट हे बोरॉन असलेलं एक सिलिकेट. श्रीलंकेत सापडलेल्या या खनिजाचं वर्णन खनिजशास्त्रज्ञ प्रायर आणि आनंद कुमारस्वामी यांनी 1903 मध्ये प्रसिद्ध केलं. भारतीय कलेवर लिहिणारे तेच हे कुमारस्वामी. मुळात ते भूशास्त्रज्ञ होते. पैलू पाडण्याजोगा माल जगातच फार थोडा. म्यानमारच्या मोगोकमधून येणारे खडे बहुधा इतके गडद असतात की काळेच दिसतात. दुर्मिळ रत्नं जमवणारे त्यासाठी वाट्टेल तेवढं थांबतात, आणि फसवणाऱ्यांना याचा पत्ता बरोबर लागलेला आहे. जो खडा शेजारीपाजारी कोणी हाताळलेलाच नाही, त्याबद्दल शंका तरी कोण घेणार?

मी दख्खनच्या बेसॉल्टमधली खनिजं गोळा करतो. वाघोलीचं कॅव्हन्साइट किंवा जळगावचं ॲपोफिलाइट समोर आलं की स्फटिकाच्या ठेवणीवरूनच ओळख पटते. पैलू पाडलेल्या काळ्या खड्यात ती ठेवण उरत नाही. रंगावरून काही कळत नाही. भिंग लावलं तरी आत प्रकाश शिरत नसल्याने अंतरंग दिसत नाही, आणि पोलॅरिस्कोपही (ध्रुवित प्रकाश आरपार सोडून खडा तपासायचं उपकरण) याच कारणाने निकामी ठरतो. काळ्या स्पिनेलला (हेही एक रत्न, पण स्वस्त), काळ्या तोरमल्लीला किंवा नुसत्या ऑब्सिडियनच्या काचेलाही दुर्मिळ नाव देऊन खपवता येतं ते यामुळेच.

रत्नपुराच्या रस्त्यावर सकाळी दलाल कागदाच्या पुड्या घेऊन उभे असतात. माझ्याजवळ आलेल्याला कामापुरतं हिंदी येत होतं. पुडीत काळा लंबगोल खडा आणि सोबत लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र: 2.31 कॅरेट, सेरेंडिबाइट. त्याने खडा काट्यावर ठेवला, वजन तंतोतंत जुळलं. मग काचेवर ओरखडा काढून दाखवला. काठिण्याच्या 1 ते 10 च्या मोहस मापावर काच साडेपाचच्या आसपास, सेरेंडिबाइट साडेसहा ते सात, स्पिनेल आठ. काच या दोघांनीही कापली जाते, तेव्हा त्या ओरखड्याने काहीच सिद्ध होत नाही. एवढ्यात दुसरा एक 'व्यापारी' आला, खडा उलटसुलट करून पाहिला आणि माझ्यापेक्षा जास्त बोली लावली. तो त्यांचाच माणूस होता, अशी माझी खात्री आहे, कारण मी पैसे देताच तो दलालाबरोबरच निघून गेला.

मुंबईच्या प्रयोगशाळेत वक्रीभवनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप) 1.72 आला, विशिष्ट घनता (पाण्याच्या कितीपट जड) 3.60, आणि लेसरने खनिज ओळखणाऱ्या रामन तपासणीत स्पिनेल असल्याचं पक्कं झालं. सेरेंडिबाइटचा वक्रीभवनांक साधारण 1.70 आणि घनता 3.5 च्या खाली-वर असते. फरक एवढा बारीक आहे की स्पिनेलच का निवडला ते लगेच कळतं. काळा स्पिनेल कॅरेटला काही शे रुपयांत मिळतो.

प्रमाणपत्र मात्र अस्सल निघालं, दुसऱ्याच खड्याचं! वजन आणि लांबी-रुंदी जुळेल असा स्पिनेल मुद्दाम घडवून घेतला होता. पण स्पिनेल जड असल्यामुळे तेवढ्याच वजनात तो थोडा कमी जाड होतो. कागदावर जाडी 4.3 मिलिमीटर होती, माझ्या खड्याची 4.15 च्या आसपास भरली. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर) खिशात न्या आणि तिन्ही मापं घ्या. जाडी तर घ्याच, कारण तिथे कोणी ती मोजायला जात नाही. काळ्या खड्याच्या फोटोवर भरवसा ठेवू नका; सगळे काळे खडे फोटोत सारखेच दिसतात. प्रमाणपत्राचा क्रमांक प्रयोगशाळेच्या नोंदीत सापडला, म्हणून तुमच्या हातातला खडा तोच ठरत नाही.

महागाचा खडा असेल तर विकणाऱ्याला सोबत घेऊन तपासणीला चला. नॅशनल जेम अँड ज्वेलरी ऑथॉरिटी ही श्रीलंकेची सरकारी संस्था असून ती खड्यांची तपासणी करते. पैसे तपासणीनंतर. विकणारा घाई करू लागला किंवा 'उद्या हा भाव राहणार नाही' म्हणाला, तर पुडी परत करा आणि चालू लागा.

आणि पावतीवर खनिजाचं नाव, वजन, तिन्ही मापं आणि 'तपासणीत वेगळं निघाल्यास पूर्ण पैसे परत' हे वाक्य लिहून सही घ्या. माझ्या पावतीवर फक्त 'ब्लॅक स्टोन, 1 नग' एवढंच आहे. काळा खडा तर दलालाने मला दिलाच आहे, त्यामुळे त्या कागदाच्या जोरावर मला काहीच मागता आलेलं नाही.