महागडी इन्स्टंट कॉफी घ्यावी का? उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

आधी उत्तर सांगते. कॉफी काळी पीत असाल किंवा नावापुरतंच दूध घालत असाल, तर ही कॉफी पैसे वसूल करते. दुधात उकळलेली, साखर-जायफळाची कॉफी आवडत असेल तर अजिबात घेऊ नका.

मी घेतली ती काचेच्या बरणीतली, १०० टक्के अरेबिका (कॉफीच्या बियांची एक जात), फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून वाळवलेली. १०० ग्रॅमला ७५० रुपयांच्या आसपास पडली. कपाला दोन ग्रॅम धरले तर एक कप १५ रुपयांना. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी चिकोरीवाली (चिकोरी म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड) कॉफी याच हिशेबाने पाच रुपयांत होते. म्हणजे किंमत तिप्पट, आणि ती कशापायी मोजायची हे घेण्याआधी कळायलाच हवं.

अरेबिका रोबस्टा या दुसऱ्या जातीपेक्षा महाग असतेच, पण मोठा फरक वाळवण्यात आहे. साध्या पावडरीसाठी कॉफीचा दाट अर्क उंच टाकीत गरम हवेत फवारतात. थेंब खाली पडेपर्यंत वाळतात, पण वासही बराचसा वाफेबरोबर निघून जातो. फ्रीझ-ड्राइडमध्ये तोच अर्क उणे ४० अंशांच्या आसपास गोठवतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि हवा काढून घेतलेल्या बंद जागेत त्यातल्या बर्फाची थेट वाफ होऊ देतात. याला तासन् तास लागतात. चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन बघा. कोनेदार, फिकट तपकिरी, बोटांत चुरडले की कोरडे मोडणारे. वास भाजलेल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारा, करपट नाही.

काळी कॉफी खरंच छान लागते. पहिल्या घोटाला हलकासा आंबटपणा जाणवतो, मग कडवटपणा येतो, पण तो घशात रेंगाळत नाही. साध्या पावडरीची काळी कॉफी मला साखरेशिवाय कधी गेली नव्हती; हिच्यात साखर घालावीशीच वाटत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं आणि मग ओतायचं, चव जास्त मऊ येते. उन्हाळ्यात तर मी थेट गार पाण्यात ढवळून बर्फ घालत होते. नीट विरघळते, तळाशी काही राहत नाही.

आता दुधाचं. सासूबाईंना कॉफी लागते ती पातेल्यात सायीसकट दूध उकळून, वर जायफळ किसून. त्यांच्या कपात ही घातली तर कॉफी कुठे गेली तेच कळेना. मग दोन चमचे घातले, म्हणजे कप ३० रुपयांचा झाला, आणि तरी त्यांना आपली नेहमीचीच आवडली. त्यांचं बरोबर आहे. दुधाला जो दाटपणा आणि गडद रंग हवा असतो तो चिकोरी देते. जायफळापुढे अरेबिकाचा नाजूक वास टिकतच नाही. तरतरीसाठी कॉफी पिणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं, की अरेबिकात कॅफीन रोबस्टाच्या जवळपास निम्मंच असतं. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

माझी खरी तक्रार बरणीबद्दल आहे. वरचा कागदी पडदा एकदा फाडला की सगळी भिस्त प्लॅस्टिकच्या झाकणावर, आणि ते घट्ट बसत नाही. डोंबिवलीच्या जुलैमध्ये दाणे आधी एकमेकांना चिकटले, मग तळाशी काळपट, चिवट थर झाला, चमच्याने खरवडावा लागला. वासही निम्मा गेला. एवढी किंमत घेणाऱ्या कंपनीने झाकण तरी चांगलं द्यावं. त्यानंतरची बरणी आणल्या आणल्या मी रबर लावलेल्या घट्ट डब्यात ओतली. चमचा कोरडाच हवा, आणि वाफाळत्या कपावर बरणी धरून कॉफी घालायची नाही. तेव्हापासून दाणे सुटे आहेत.

घ्यायचीच असेल तर आधी ५० ग्रॅमची बरणी घ्या. नाव आणि सोनेरी झाकण बघून घेऊ नका, मागची बारीक अक्षरं वाचा. चिकोरी असेल तर तिचं प्रमाण छापावंच लागतं. ‘फ्रीझ-ड्राइड’ लिहिलेलं नसेल तर जास्तीचे पैसे देऊ नका. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट कॉफीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानात जुन्या छापील किमतीची बरणी दिली तर दर विचारून घ्या.