चिकन-भातावरून ड्राय फूडवर: इंडी कुत्र्याला काही महिने दिल्यानंतरचा अनुभव

चिकन आणि तांदूळ हे मुख्य घटक असलेलं, प्रौढ कुत्र्यांसाठीचं साधं ड्राय फूड, म्हणजे कोरडे दाणे. पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलं, आता उन्हाळा लागला तरी तेच चालू आहे. कुत्रा इंडी (म्हणजे आपला देशी), प्रौढ, नसबंदी झालेला, वजन १६ किलो, फ्लॅटमध्ये राहणारा, सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणारा. आधीचं जेवण म्हणजे उकडलेलं चिकन आणि भात, वर घरातल्यांच्या हातून चपाती, दूध, बिस्किटं. फूड चांगलं आहे आणि पुढेही हेच राहणार. पण ‘आमच्याकडे मानवलं नाही’ अशी तक्रार कुठल्याही फूडबद्दल ऐकली की माझा पहिला प्रश्न असतो, किती ग्रॅम देत होता? बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं.

आधी पिशवी वाचू. प्रोटीन किमान २२ टक्के, फॅट किमान १२, फायबर कमाल ४, ओलावा कमाल १०. कॅलरी छापलेल्या नाहीत, आणि हीच या पिशवीतली मोठी उणीव. मात्र त्या काढता येतात. राख (म्हणजे अन्नातली खनिजं) साधारण ८ टक्के धरायची, सगळं १०० मधून वजा केलं की उरलेले ४४ टक्के म्हणजे कार्बोहायड्रेट. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटच्या दर ग्रॅमला साडेतीन किलोकॅलरी, फॅटच्या ग्रॅमला साडेआठ. म्हणजे ७७ अधिक १०२ अधिक १५४: शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३३३ किलोकॅलरी. जास्त फॅटच्या फूडमध्ये हाच आकडा ३८०-४०० पर्यंत जातो, त्यामुळे एका फूडचं माप दुसऱ्याला कधीच लावू नये.

आता कुत्र्याची गरज. फोनच्या कॅल्क्युलेटरवर वजन तीनदा गुणा: १६ × १६ × १६ = ४०९६. वर्गमूळाची कळ दोनदा दाबा, ८ येतात. त्याला ७० ने गुणलं की ५६० किलोकॅलरी, ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. फ्लॅटमधल्या, नसबंदी झालेल्या शांत कुत्र्याला याच्या १.४ पट पुरतं, बऱ्यापैकी पळणाऱ्याला १.६, नसबंदी न झालेल्याला किंवा दिवसभर शेतावर हिंडणाऱ्याला १.८. सुटलेल्या कुत्र्याला बारीक करायचं असेल तर त्याचं वजन किती असायला हवं ते धरून १ पट. इथे ५६० × १.४ = ७८४, म्हणजे या फूडचे २३५ ग्रॅम. पिशवीवरचा तक्ता याच वजनाला ३०० च्या आसपास सांगतो. तो चुकीचा नाही, भरपूर हालचाल असणाऱ्या कुत्र्यासाठी आहे. सोफ्यावर झोपणाऱ्याला तेवढं दिलं की दोन-तीन महिन्यांत कंबर दिसेनाशी होते.

मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटाच हवा. २५० मिलीचा कप काठोकाठ सपाट भरला तर ९० ते १०० ग्रॅम दाणे बसतात, शीग लावून भरला की त्यात २०-२५ ग्रॅमची भर पडते. दिवसाला अडीच कप धरले तर सहज ५० ग्रॅम जास्त जातात, म्हणजे १६५ किलोकॅलरी, रोजच्या गरजेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक. सोपा उपाय असा की सकाळीच दिवसभराचे २३५ ग्रॅम एका डब्यात काढून ठेवायचे. दोन्ही वेळचं जेवण त्यातूनच, ‘बस’, ‘ये’ शिकवतानाचे दाणेही त्यातूनच. डबा रिकामा झाला की दिवस संपला, मग आजी असो की मुलं.

वरच्या खाऊला १० टक्क्यांची मर्यादा, इथे ७८ किलोकॅलरी. एका उकडलेल्या अंड्यात किंवा तीन मारी बिस्किटांत ती संपते. एक मध्यम चपातीच तिच्यापुढे जाते. खाऊ दिला तर तितके दाणे डब्यातून कमी करायचे: एका अंड्यामागे साधारण २० ग्रॅम. भाजीचा रस्सा वर ओतायचा नाही, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक आहे.

बदल दहा दिवसांत करायचा, आणि गडबड होते ती इथेच. ‘पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवीन’ हे सगळ्यांना माहीत असतं, पण पाव हिस्सा वाटीने मोजतात. दोन भाग भात आणि एक भाग चिकन असं मिश्रण शंभर ग्रॅमला जेमतेम १४० किलोकॅलरी देतं, कारण त्यात पाणीच जास्त. म्हणजे ५६० ग्रॅम घरचं जेवण बरोबर २३५ ग्रॅम दाणे. वाटीला वाटी बदललं की कॅलरी वाढतात, पोट बिघडतं आणि खापर फुटतं फूडवर. दिवसभराचं खरं माप असं: पहिले तीन दिवस ४२० ग्रॅम चिकन-भात आणि ६० ग्रॅम दाणे. चौथ्या ते सहाव्या दिवशी २८० आणि १२०. सातव्या ते नवव्या दिवशी १४० आणि १७५. दहाव्या दिवसापासून नुसते दाणे, २३५. दूध पहिल्याच दिवशी बंद, नाहीतर जुलाब दुधाने झाले की दाण्यांनी हे कळतच नाही.

मधल्या टप्प्यावर शी सैल झाली तर घाबरून फूड बदलू नका. मागच्या टप्प्यावर या, दोन-तीन दिवस थांबा, मग पुढे सरका. आतड्यातल्या जिवाणूंना नवीन अन्नाशी जुळवून घ्यायला तेवढा वेळ लागतो. शी नीट बघायची सवय लावा. फरशीवरून अखंड उचलली जावी आणि खाली जेमतेम डाग राहावा, ही योग्य. सुरुवात घट्ट आणि शेवटचा भाग लिबलिबीत असेल, कुत्रा खेळकर असेल, तर बहुधा माप जास्त आहे. दहा टक्के, म्हणजे २०-२५ ग्रॅम कमी करून चार दिवस बघा. तरीही सैल राहिली तर जंतांसाठी आणि जिआर्डिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीसाठी शीची तपासणी करून घ्या. रक्त, डांबरासारखी काळी शी, वारंवार उलट्या किंवा मलूलपणा दिसला तर टप्पे-बिप्पे सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खाल्ल्याखाल्ल्या अख्खे दाणे बाहेर आले तर ते बहुतेकदा हावरटपणाने होतं. दाणे खोलगट भांड्यात न घालता मोठ्या ताटात पसरून द्यायचे, वेग आपोआप उतरतो. भिजवून देणार असाल तर कोमट पाणी, दहा मिनिटं, आणि उरलेलं अर्ध्या-पाऊण तासात टाकून द्यायचं. दमट हवेत ते फार लवकर आंबतं.

पाणी पिणं दुपटीने वाढतं, ते अपेक्षितच आहे: घरच्या जेवणातलं ७० टक्के पाणी गेलं, दाण्यांत १० टक्केच आहे. पण दर किलोमागे १०० मिलीच्या वर, म्हणजे इथे १.६ लिटरपेक्षा जास्त रोज जात असेल तर तपासणी हवी.

काही महिन्यांनंतरचा फरक: शीचं प्रमाण आणि वास कमी, दातांवर फारसा परिणाम नाही (कोरड्या दाण्यांनी दात साफ होतात हे फारसं खरं नाही, ब्रश लागतोच), केसांची चकाक दीड-दोन महिन्यांनी दिसू लागली. सुरुवातीच्या आठवड्यांत गॅस होता, तो गेला. वजन १६ वर स्थिर. दर पंधरवड्याला कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, आपलं वजन वजा करायचं. आणि आकड्यापेक्षा हाताला विचारायचं: बरगड्यांवरून बोटं फिरवली की तळहाताच्या पाठीवरची हाडं लागतात तसं लागावं. मुठीच्या गाठींसारखं लागलं तर कुत्रा हडकला आहे, तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर माप कमी करा.

नापसंत गोष्टी दोन. पिशवीची झिप तकलादू आहे, आणि तळाशी मूठभर भुकटी निघते जी कुत्रा हुंगून सोडतो. ती चाळून वजनातून वगळावी. १० किलोची पिशवी २३५ ग्रॅमने ४२ दिवस जाते, उघडल्यावर फॅट खवट होण्याआधी संपवायला हीच शेवटची मर्यादा समजा. १६ किलोपेक्षा लहान कुत्र्याला ३ किलोचीच आणा. पिशवीतले सगळे दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा. बॅच नंबर आणि तारीख हाताशी राहते, मुंग्याही लागत नाहीत. दुकानात गोणीतून सुटं मिळणारं फूड घेऊच नये.

पिल्लांना हे फूड चालणार नाही, त्यांना पपी फूड द्या आणि त्यावर कॅल्शियमची बाटली जोडू नका, मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं त्याने बिघडतात.

उन्हाळ्यात भूक उतरते. नागपूर-अकोल्याकडे असाल तर जेवण पहाटे आणि रात्री उशिरा ठेवा, वीस मिनिटांत न खाल्लेलं उचला, आणि ‘खात नाही’ म्हणून वर दही-तूप घालायला लागू नका. वजन टिकून असेल आणि कुत्रा नेहमीसारखा असेल तर दोनशे ग्रॅमवरही त्याचं भागतं.