बडोद्यात घर विकताय? ओरिजिनल फाईल दलालाच्या हातात देऊ नका

बाबा गेल्यावर मांडवीजवळचं जुनं घर विकायचं ठरलं. भाऊ पुण्याला, म्हणून सगळी धावपळ माझ्याकडे. एक दलाल आला, आपला मराठीच, बाबांच्या फोटोला नमस्कार केला, चहा घेतला आणि म्हणाला ताई तुम्ही कशाला ऑफिसांचे हेलपाटे घालता, मी सगळं क्लिअर करून देतो. सिटी सर्व्हेत वारसांची नावं चढवायची, थकलेला वेरा म्हणजे घरपट्टी भरायची, आणि आमची गल्ली अशांत धाऱ्यात (दंगलींचा धोका असलेल्या भागातल्या घरांच्या विक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) येते म्हणून कलेक्टरची परवानगी, या तीन कामांचे मिळून 1 लाख 40 हजार कॅश घेतले, वर ओरिजिनल दस्तावेज पण "दाखवायला लागतात" म्हणून घेऊन गेला.

पंधरा दिवसांत वेऱ्याची पावती आणून दिली, वॉर्ड ऑफिसच्या काउंटरची. मी फाईलला लावून टाकली. दोन महिन्यांनी गिऱ्हाईक आलं, त्यांच्या वकिलांनी ती पावती हातात घेतली आणि विचारलं, ताई, रविवारी कोणतं काउंटर उघडं होतं? तारीख रविवारची! तिथेच मोबाईलवर सेवासदनाच्या म्हणजे महापालिकेच्या साइटवर बघितलं तर 38 हजार बाकी तशीच्या तशी.

आणि परवानगीचं तर काय सांगू. अशांत धारा हा 1991 चा कायदा आहे, परवानगीशिवाय केलेला व्यवहार रद्दबातल, आणि अर्जात घेणाऱ्याचं नाव लागतं, दोघांची ॲफिडेविट लागतात. आमचं गिऱ्हाईकच ठरलेलं नव्हतं, मग याने अर्ज केला कुणाच्या नावाने? एवढं साधं मला सुचलं नाही याचा अजून त्रास होतो.

वकील म्हणाले 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 वाचा, मालकीचे कागद दाखवणं, विक्रीपर्यंतचा कर भरणं, माहीत असलेला दोष सांगणं हे विकणाऱ्यावरच आहे, दलालाने बुडवलं तरी घेणारा तुम्हालाच विचारणार. गिऱ्हाईक अर्थातच गेलं.

दलालाचा फोन बंद. पोलिसांत अर्ज दिलाय, पण कॅशचा पुरावा काहीच नाही. आमच्या कागदांवर कुणी कर्ज काढू नये म्हणून पेपरात जाहीर नोटीस दिली, सब-रजिस्ट्रारकडून दस्ताची सर्टिफाइड नक्कल काढली. वेरा मी स्वतः ऑनलाइन भरला, दहा मिनिटं लागली.

ओरिजिनल अजून मिळालेले नाहीत. तुमच्याकडे कुणी फाईल मागायला आलं तर झेरॉक्स द्या, प्रत्येक पानावर "फक्त बघण्यासाठी" लिहून, तारीख टाकून, सही करून.