आयलंडर: ऑर्कनीतलं छोटं विमान, एकदा बसाच
स्कॉटलंडला गेलात तर ऑर्कनी बेटांवर लोगनएअर या विमान कंपनीच्या आयलंडरमध्ये बसाच, वेस्ट्रे बेट ते पापा वेस्ट्रे बेट जेमतेम 2.7 किमी, जगातली सगळ्यात छोटी नियमित फ्लाइट, वेळापत्रकात 2 मिनिटं आणि रेकॉर्ड तर 53 सेकंदांचं! आत मधली वाटच नाही, जीपसारखं बाजूचं दार उघडून थेट आपल्या रांगेत बसायचं, वजन बघून जागा देतात, पुढे बसायला मिळालं तर पायलटचे हात आणि सगळे काटे अगदी समोर. दोन पिस्टन इंजिनं म्हटल्यावर आवाज आलाच, पण पंख वर असल्यामुळे खालचा समुद्र मस्त मोकळा दिसतो. 1965 मध्ये पहिल्यांदा उडालेलं डिझाइन, चाकं आत जात नाहीत त्यामुळे भानगडी कमी, आखूड धावपट्टीवर आरामात उतरतं. बेटावरच्या लोकांसाठी ही एसटीच आहे हो, मला जाम आवडलं.