कवचाच्या जडणघडणीचा खडकसंच: निवड उत्तम, बेसॉल्ट सदोष

पृथ्वीचं कवच कसं घडलं ते दाखवणारा हा संच: पेरिडोटाइट, बेसॉल्ट, ग्रॅनाइट, नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक) आणि अनॉर्थोसाइट. पाचच नमुने, पण निवडणाऱ्याला विषय कळतो. प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या जाड थरातला, पेरिडोटाइट (घनता सुमारे 3.3 ग्रॅम प्रति घन सेंमी) थोडासाच वितळतो, त्यातून बेसॉल्ट (3.0) निघतो. पाणी मुरलेला बेसॉल्ट खोलवर पुन्हा अंशतः वितळला, की ग्रॅनाइटच्या वळणाचा हलका खडक (2.7) मिळतो. हलका असल्याने तो बुडत नाही, म्हणून खंड टिकतात. सागरतळ मात्र बहुतांशी 20 कोटी वर्षांच्या आत प्रावरणात परततो.

घनता घरीच मोजता येते: नमुना हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तोला, हवेतलं वजन भागिले वजनातली घट. सोबतचा काटा 1 ग्रॅमपर्यंतच अचूक आहे, तो निरुपयोगी. 50 ग्रॅमच्या तुकड्यात ग्रॅनाइट आणि बेसॉल्टच्या घटीतला फरक 2 ग्रॅमहूनही कमी, तेव्हा 0.1 ग्रॅमचा काटा हवा. बेसॉल्टचा तुकडा सच्छिद्र आहे. छिद्रांत हवा अडकते आणि घनता खोटी कमी दिसते. घट्ट तुकडा बदलून मागा.

अनॉर्थोसाइट ही खरी मेजवानी. चंद्राच्या मॅग्मा-सागरावर, म्हणजे वितळलेल्या खडकाच्या सागरावर, प्लॅजिओक्लेज हे हलकं खनिज तरंगून पहिलं कवच झालं, ते याच जातीचं. एक्लोजाइट (खोलवरच्या दाबाखाली बेसॉल्टपासून बनणारा जड खडक) मात्र संचात नाही, आणि बेसॉल्टी कवच खोलवर जड होऊन का बुडतं, ते त्याच्याविना दाखवता येत नाही.