निवृत्तीनंतरच्या हातांसाठी आखूड बेस गिटार: आयबानेझ मायक्रोचा बडोद्यातला अनुभव

आयबानेझची जीएसआरएम२० ही चार तारांची छोटी बेस गिटार, जिला कंपनी ‘मायक्रो’ म्हणते, ती लहान हातांच्या आणि नवशिक्या वादकांसाठी म्हणून ओळखली जाते. माझे मत असे आहे की, तरुणपणी बेस वाजवून पुढे नोकरीच्या धबडग्यात वाद्य बाजूला ठेवलेल्या आणि आता साठीच्या आसपास ते पुन्हा हातात घेऊ पाहणाऱ्या माणसाला तिचा उपयोग मुलांपेक्षाही अधिक आहे. हे मत माझे एकट्याचे नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मित्राच्या घरी रविवारी सकाळी आम्ही काही मराठी बेसवादक जमतो; तिथे ही गिटार सर्वांच्या हातांतून फिरली आहे आणि प्रत्येकाने तिला आपल्या हातांच्या तक्रारींसह पारखले आहे.

आधी मापाचे बोलतो, कारण या वाद्याचे बहुतेक गुणदोष मापातूनच निघतात. अमेरिकी गिटार-निर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली तेव्हा नटपासून (नेकच्या, म्हणजे मानेच्या, टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा टेकू) तारेची लांबी ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बेस गिटारी त्याच मापाच्या असतात. मायक्रोची ही लांबी २८.६ इंच आहे. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण डाव्या हाताला तो पहिल्या मिनिटात कळतो. फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या; पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर पूर्ण मापाच्या गिटारवर जवळजवळ १३ सेंटिमीटर भरते, इथे ते ११ सेंटिमीटरच्या थोडे आतच राहते. करंगळी ताणून धरावी लागणे आणि ती सहज टेकणे यांमध्ये एवढ्या दोनच सेंटिमीटरांचे अंतर असते. हिशेब मांडला तर एक सोयीची गोष्ट हाती लागते. पूर्ण मापाच्या गिटारवर तिसऱ्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत जी तार उरते, तिची लांबी बरोबर २८.६ इंच असते. त्यामुळे ज्यांच्या घरी जुनी बेस आहे, त्यांनी दुकानात जाण्याआधी तिसऱ्या फ्रेटलाच नट समजावे, चौथ्या ते सातव्या फ्रेटवर चार बोटे ठेवून अर्धा तास वाजवावे आणि मनगट काय सांगते ते ऐकावे. मायक्रोवर डाव्या हाताला किती अंतर कापावे लागेल, ते या अर्ध्या तासात घरबसल्या समजते.

आमच्यापैकी बहुतेकांची कहाणी सारखीच आहे. महाविद्यालयात असताना बँड होता, उसनी गिटार होती, गणेशोत्सवात वाजवायला मिळत होते. मग कोणी रिफायनरीत लागले, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, आणि तीन पाळ्यांच्या नोकरीत आठवड्यातून एकदा चार माणसांना एका वेळी मोकळे मिळणे अशक्य झाले. बेस हे एकट्याने वाजवण्याचे वाद्य फारसे नाही. ढोलकीवाला किंवा ड्रमवाला समोर असला म्हणजे त्याला अर्थ येतो. म्हणून आमच्यातल्या गिटारिस्टांचे वाद्य नोकरीच्या काळातही अधूनमधून वाजत राहिले आणि बेसवाल्यांचे कपाटावर गेले. राज्य सरकारच्या नोकरीतून ५८व्या वर्षी मोकळे झालेले आमचे एक मित्र सांगत होते की, निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात त्यांनी कपाटावरची गिटार काढली, तारा बदलल्या आणि आठवड्याभरात डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागल्यामुळे ती पुन्हा वर ठेवली. “अहो, वेळ आला तेव्हा हात राहिला नाही,” असे ते म्हणाले. त्यांना मायक्रो दिली, खुर्चीत बसून वाजवायला सांगितले, आणि आज ते आमच्या मेळाला सर्वांत नियमित येतात. दुखणे बरे झाले असा माझा दावा मुळीच नाही. दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. मात्र हाताला कमी ताण देणारे वाद्य मिळाल्याने त्यांचे वाजवणे टिकले, हे मी पाहिले आहे.

आता उणी बाजू. तार आखूड केली आणि स्वर तोच ठेवला की तारेतला ताण घटतो, आणि तो लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३४ इंचांवर लावलेला तारांचा संच जसाच्या तसा २८.६ इंचांवर चढवला तर ताण सुमारे ७१ टक्केच उरतो. हाताला हे पूर्ण मापाची गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून वाजवल्यासारखे लागते. जी आणि डी या उंच स्वराच्या तारांवर हा सैलपणा सुखद असतो. ई या सर्वांत खालच्या स्वराच्या तारेवर मात्र तो खुपतो, कारण सुमारे ४१ हर्ट्झचा तो खर्ज स्वर सैल तारेवर छेडला की सुरुवातीला किंचित चढतो, मग जागेवर येतो, आणि जोरात छेडणाऱ्याची तार फ्रेटवर खडखडते. हा दोष कंपनीचा म्हणता येत नाही, लांबीचा आहे. कोणत्याही आखूड बेसमध्ये तो कमी-अधिक असणारच.

यावर उपाय आहेत. पहिला तारांचा: ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या तारांऐवजी ०.०५० ते ०.११० असा जाड संच घेतला की ई तारेचा सैलपणा काहीसा कमी होतो. आखूड मापासाठी मुद्दाम बनवलेल्या ताराच मागाव्यात. लांब मापाची तार कापून लावली तर तिचा पूर्ण जाडीचा भाग खुंटीभोवती वळवावा लागतो आणि तिथे ती पिचण्याचा धोका असतो. जाड तारेसाठी नटची खाच थोडी रुंद करावी लागते, आणि ते काम बारीक कानशीने, हात बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. दुसरा उपाय उजव्या हाताचा, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो: हलके छेडावे आणि आवाज अ‍ॅम्पकडून घ्यावा. मोटाऊन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवत आणि चपट्या वेष्टनाच्या तारा वापरत. मऊ, गोल, ठाम स्वरासाठी ज्या तारा त्यांना पुरल्या, त्याच प्रकारच्या तारा मायक्रोवर चढवल्यावर आमच्या खोलीतला खडखडाट जवळजवळ थांबला. बोटांची कातडी सोलत नाही हा निवृत्तांसाठी वेगळा लाभ.

आखूड बेस म्हणजे खेळणे, हा समज आमच्यातही होता. खरे पाहता बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर ३० इंचांची आहे आणि क्रीम या बँडचे जॅक ब्रूस यांची गिब्सन ईबी-३ साडेतीस इंचांची. मायक्रो त्यांच्याहूनही आखूड आहे, हे मान्य केले पाहिजे, आणि त्या दोन वाद्यांच्या स्वराशी मी तिची बरोबरी करणार नाही. पण आखूड मापातून भारदस्त बेस निघू शकतो की नाही, हा प्रश्न त्या वादकांनी साठ वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे.

विजेची बाजू साधी आहे. एक पी आणि एक जे प्रकारचा पिकअप (तारेची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग), दोन व्हॉल्यूम, एक टोन. आत बॅटरी नाही. गिटार पंधरा दिवस गावाला गेल्यामुळे पडून राहिली तरी काही बिघडत नाही, आणि साठीच्या माणसाला नऊ व्होल्टची बॅटरी कधी बदलली ते लक्षात ठेवावे लागत नाही. पी पिकअप दोन भागांत असल्यामुळे घरातल्या वायरिंगची घरघर तो स्वतःच मारतो. जे मात्र एकटा चालू ठेवला तर घरघर ऐकू येते, विशेषतः जुन्या वाड्यांत, जिथे सॉकेटला अर्थिंग नाही आणि पंख्याचा रेग्युलेटर शेजारीच आहे. जे चा आवाज कमी ठेवला की ती बरीचशी दबते. आम्ही पी पूर्ण, जे निम्म्याहून कमी आणि टोन अर्ध्यावर ठेवतो. बैठकीच्या खोलीत तेवढे पुरते.

सेटअपवर मात्र काटकसर करू नये. बडोद्याचा उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट, त्यामुळे लाकडी नेक ऋतूप्रमाणे थोडी हलते. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसावी; फट वाढली किंवा नाहीशी झाली तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये आणि नेकला स्थिरावायला वेळ द्यावा. त्यानंतर ब्रिजवरून तारांची उंची आणि शेवटी इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर स्वर अचूक लागावा म्हणून ब्रिजवर तारेची लांबी जुळवणे), हाच क्रम. कुरिअरने आलेल्या कोणत्याही गिटारला हे करावेच लागते, आणि ते नीट झालेली स्वस्त गिटार न झालेल्या महाग गिटारपेक्षा हाताला कितीतरी सुखाची असते.

याच मुद्द्यावर आमच्यात एकदा लांबलचक वाद झाला. एका मित्राला ग्रॅच्युइटीच्या रकमेतून अमेरिकेत बनलेली फेंडर घ्यायची होती. चाळीस वर्षे मनात ठेवलेली वस्तू आता घेणार नाही तर कधी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात चूक काही नव्हते. बँकेतून निवृत्त झालेल्या मित्रांनी मात्र विचारले, “घ्या की, पण ती मांडीवर घेऊन तासभर वाजवाल का, की भिंतीवर टांगाल?” मी बँकवाल्या मित्राच्या बाजूचा आहे. आधी मायक्रोसारखे वाद्य, एक चांगला सराव-अ‍ॅम्प आणि रात्री शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून हेडफोनची सोय करावी. रोजचा सराव वर्षभर टिकला तर मोठी खरेदी खुशाल करावी, ती तेव्हा हाताच्या खऱ्या गरजेवरून ठरेल.

उभ्याने वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना. बॉडी लहान आणि हलकी असल्यामुळे पट्टा गुळगुळीत असेल तर नेक खाली झुकते आणि डावा हात तिला सावरण्यात अडकतो. रुंद, आतून खरखरीत चामड्याचा पट्टा वापरला की हा त्रास बराच उणावतो. आमच्यातले जे मित्र नोकरीच्या काळात दरवर्षी रजा टाकून नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवत, त्यांनी यंदा सरावाला मायक्रो घेतली, पण मैदानावर आपली जुनी पूर्ण मापाचीच नेली. त्यांचे कारण मला पटले. हींच या गरब्याच्या ठेक्यावर लय चढत जाते, ढोल आणि ऑक्टोपॅडच्या (इलेक्ट्रॉनिक तालवाद्याच्या) गर्दीत खालचा ई स्वर ठोस उमटावा लागतो, आणि तिथे हलके छेडून भागत नाही. ३४ इंचांची ताणलेली तार जे बळ देते ते २८.६ इंचांवर मिळत नाही. म्हणून मायक्रो घेणाऱ्यांनी जुनी गिटार विकून तिचे पैसे यात घालू नयेत. मोठ्या मैदानावर वाजवायचे असेल तेव्हा ती लागेल, आणि तिसऱ्या फ्रेटपासून वर ती आजही तेवढीच सोपी आहे.