अँकी दहा महिने वापरल्यावर: युरोपचा इतिहास आणि माझ्या जळवा

अँकी हे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप घ्यावं का असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझं यूपीएससीला ऑप्शनल इतिहास आहे, मीडियम मराठी, आणि अँकी मी फक्त दुसऱ्या पेपरच्या सेक्शन बी साठी वापरलं. नावाला जागतिक इतिहास पण बहुतेक सगळा युरोपच, रूसो-कांटपासून सुरू करायचं ते सोव्हिएत युनियन फुटेपर्यंत. आधुनिक भारत मला बरा जमतो, शाळेपासून कानावर आहे. पण सातवा लुई की सोळावा लुई, कोण प्रशिया कोण ऑस्ट्रिया, हे गाव आपलं नाहीच. पानिपत म्हटलं की डोळ्यासमोर काहीतरी येतं, सादोवा म्हटलं की काहीच येत नाही.

तर अँकी म्हणजे फ्लॅशकार्ड. पुढे प्रश्न, मागे उत्तर, उत्तर बघून आपणच अगेन, हार्ड, गुड, इझी यातलं एक बटण दाबायचं, मग ते कार्ड परत कधी दाखवायचं ते अ‍ॅप ठरवतं. आलं तर लांब ढकलतं, चुकलं तर लगेच पुढ्यात. अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. माझा साधा अँड्रॉइड, त्यामुळे खर्च शून्य.

पहिले दोन महिने मी वाया घालवले हे आधी सांगते. एका मैत्रिणीने तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा दिला, एकोणीसशे कार्डं, सगळी इंग्लिश, आणि कार्डं कसली तर पुढे "युट्रेख्टचा तह" मागे "१७१३". बास. मी रोज सकाळी अभ्यासिकेत बसायच्या आधी टपरीवर चहा घेत घेत धडाधड गुड गुड गुड दाबायचे आणि काय भारी चाललंय असं वाटायचं. मग टेस्ट सिरीजमध्ये १८४८ च्या क्रांत्या का फसल्या यावर दहा मार्काचं विधान आलं. मी लिहिलं: २४ फेब्रुवारीला फ्रान्सच्या लुई फिलिपने गादी सोडली, १३ मार्चला ऑस्ट्रियाच्या चॅन्सलर मेटर्निखने राजीनामा दिला, फ्रँकफर्टची संसद १८ मे ला भरली. एक तारीख चुकली नाही. दहापैकी तीन. खाली लाल पेनाने शेरा, "माहिती आहे, उत्तर कुठाय?" त्या दिवशी जेवण गेलं नाही.

डेक उडवला. मग स्वतःची कार्डं बनवायला घेतली, मराठीत, आणि खरं सांगायचं तर अँकीचा अर्धा फायदा कार्ड बनवण्यातच आहे, बघण्यात नंतर. एका प्रकरणाची वीस कार्डं करायची तर ते प्रकरण आधी डोक्यात नीट लागावं लागतं. पण त्यातही माती खाल्ली. काही कार्डांवर १८४८ देवनागरीत टाकलं, काहींवर कीबोर्डच्या मूडप्रमाणे इंग्लिश आकड्यांत, आता सर्च केलं की अर्धीच कार्डं सापडायची. कुठे मेटर्निख, कुठे मेटरनिक, कुठे मेटर्निच. एक रविवार पूर्ण हेच निस्तरण्यात गेला. तुम्ही पहिल्या दिवशी ठरवा आकडे कुठले आणि नावं कशी, पेपरातही मग एकच स्पेलिंग हातातून येतं.

दिवाळीला गावी गेले, अकरा दिवस अ‍ॅप उघडलं नाही. परत उघडलं तर समोर तेराशे बारा कार्डं ड्यू. हा प्रकार मला बिलकुल आवडला नाही, म्हणजे सावकाराच्या चोपडीसारखं आहे, तुम्ही फराळ खाताय आणि तिकडे व्याज चढतंय. नवीन कार्डं सुरुवातीला रोज वीस येतात, मी ती आठवर आणली तेव्हा कुठे जगणं सुरू झालं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा सगळा प्रपंच. शिकून झालेलं एखादं कार्ड तुम्ही पुन्हा पुन्हा विसरत राहिलात, आठ वेळा, की अँकी त्यावर लीच असा शिक्का मारतं. लीच म्हणजे जळू. रक्त पितंय, सोडून द्या किंवा नीट लिहा असा त्याचा अर्थ. माझ्याकडे जानेवारीपर्यंत चाळीसेक जळवा झाल्या. सगळे सांगतात लीच डिलीट करा. मी पण करणारच होते.

संक्रांतीला घरी होते, आई तीळ भाजत होती आणि एका हातात माझा फोन धरून मला प्रश्न विचारत होती, कारण माझ्या डोळ्यांना कंटाळा आलेला. मी नेमका जळवांचा ढीग उघडून दिला. नेपोलियनचा राज्याभिषेक कधी? मी म्हटलं २ डिसेंबर १८०५. ती म्हणे नाही, १८०४. ऑस्टर्लिट्झची लढाई? २ डिसेंबर १८०४. नाही, १८०५. लुई नेपोलियनने सत्ता बळकावली? मला १८५२ वाटलं, निघालं २ डिसेंबर १८५१, आणि सम्राट झाला तो २ डिसेंबर १८५२. आई थांबली, कढईतला झारा तसाच, म्हणाली, "काय गं, ही माणसं मुहूर्त काढून करतात की काय सगळं?"

आणि मी अगं आई म्हणून हसणार तेवढ्यात डोक्यात लख्ख पडलं की हो, मुहूर्तच आहे तो! लुई नेपोलियनने दिवस मुद्दाम निवडला होता, काकाचा राज्याभिषेक आणि काकाची सगळ्यात मोठी लढाई एकाच तारखेला, मग पुतण्याने तीच तारीख धरली. त्याच्याकडे स्वतःचं म्हणून विकण्यासारखं होतंच काय, आडनाव. चार कार्डं मी चार वेगवेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करत होते म्हणून गोंधळ होत होता, ती एकच गोष्ट होती.

मग त्या रात्री सगळ्या जळवा काढून बसले. १८ जानेवारी ही अजून एक. १७०१ ला प्रशियाचा पहिला राजा, १८७१ ला फ्रान्सला हरवून त्यांच्याच व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा, १९१९ ला पहिल्या महायुद्धानंतरची पॅरिसची शांतता परिषद सुरू. जर्मनी एक करणाऱ्या बिस्मार्कच्या लोकांनी १७०१ चा दिवस धरला, आणि ४८ वर्षांनी फ्रेंचांनी १८७१ चा वचपा काढायला तोच दिवस धरला, व्हर्सायच्या तहावर सह्यासुद्धा त्याच आरसेमहालात घेतल्या. पुढे हिटलरने काय केलं, १९१८ चा युद्धविराम ज्या रेल्वेच्या डब्यात झाला तो डबाच म्युझियममधून बाहेर काढून जून १९४० मध्ये फ्रेंचांना त्यात बसवून सही करायला लावली. म्हणजे भावकीतली भांडणं जशी बांधावरच होतात तसं हे. व्हर्सायचा तह जर्मनांना एवढा का झोंबला याचं उत्तर पुस्तकात नुकसानभरपाई, अल्सेस-लॉरेन, २३१ वं कलम (युद्धाचा दोष जर्मनीवर) असं पॉइंटवाइज असतं, ते बरोबरच आहे, पण मला ते त्या आरसेमहालातून कळलं.

नुसत्या तारखाच नाही. माझं आणखी एक कार्ड सतत चुकायचं, फ्रेडरिक विल्यम चौथ्याने १८४९ मध्ये फ्रँकफर्टच्या संसदेने देऊ केलेला मुकुट नाकारला. मी दर वेळी "स्वीकारला" म्हणायचे, कारण मिळतंय तर कोण सोडेल? नाकारला कारण तो लोकांच्या प्रतिनिधींकडून येत होता, राजेलोकांकडून नाही. आणि २२ वर्षांनी त्याच्याच धाकट्या भावाने, पहिल्या विल्यमने, घेतला, कारण तेव्हा तो राजांकडून आला, सैन्य जिंकून आलेलं. हे कळल्यावर १८४८ का फसलं आणि बिस्मार्कला का जमलं हे एका दमात लिहिता येतं. आधी हे दोन चॅप्टर माझ्या वहीत साठ पानं लांब होते.

सगळ्यांचा मुहूर्त लावायला जाऊ नका मात्र, मी तेही करून बसले. ९ नोव्हेंबर घ्या. १९१८ ला कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची गादी गेली, १९२३ ला हिटलरचा म्युनिकचा उठाव फसला, १९३८ ला ज्यूंची दुकानं आणि सिनेगॉग फोडले. शेवटच्या दोघांचा धागा आहे, नाझी पुढारी १९२३ ची आठवण काढायलाच म्युनिकला जमले होते. पण १९८९ ला बर्लिनची भिंत त्याच दिवशी उघडली ती पूर्व जर्मनीच्या प्रवक्त्याने पत्रकार परिषदेत कागद नीट न वाचता "ताबडतोब" म्हणून टाकलं म्हणून. यात मी मुहूर्त शोधला आणि टेस्टमध्ये मार्क घालवले. आणि ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात का, ही तर वेगळीच जळू. माझ्याकडे दोन कार्डं होती, एक २५ ऑक्टोबर एक ७ नोव्हेंबर, दोन्ही बरोबर, रशियाचं जुनं कॅलेंडर १३ दिवस मागे होतं, आणि मी तीन आठवडे एकमेकांना खोडून दुरुस्त करत होते.

तर घ्यावं का? फॅक्टसाठी हो, डोळे झाकून. उत्तर लिहायला ते शिकवणार नाही, पाचव्या कंपल्सरी प्रश्नात पाच विधानं दीडशे-दीडशे शब्दांत लिहायची असतात, त्याला हात चालवावाच लागतो, त्याचं कार्ड बनत नाही. औद्योगिक क्रांतीची कारणं मी कार्डावर टाकून बघितली, नुसता भुगा झाला, ते वहीतच बरं. आता माझ्याकडे सहाशे चाळीसच कार्डं उरलीत, रोजची पंचवीस मिनिटं जातात. तेच विधान परवा परत लिहिलं, साडेपाच आले. फार नाहीत, पण शेरा नव्हता.

आणि एक, सिंक करत जा. मार्चमध्ये माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला, मी नऊ दिवस सिंक केलं नव्हतं, इटलीचं एकीकरण अख्खं गेलं. गॅरिबाल्डी दुसऱ्यांदा बनवलाय.